बोलण्याआधीची वर्गवारी

पुण्याच्या कडेला नवे टॉवर उभे राहत आहेत. तिथल्या एका बांधकाम साइटवरच्या पाळणाघरात मी ताई म्हणून काम करते. पत्र्याची शेड, उन्हासाठी वर टाकलेली हिरवी जाळी, आत सतरंज्या, एका कडेला झोळ्या आणि उरलेल्या जागेत रांगती व नुकती चालायला लागलेली मुलं. सकाळी हजेरी लागायच्या आत आया मुलं आणून सोडतात. तान्ह्या बाळांच्या आया मधल्या सुट्टीत येऊन पाजून जातात. संध्याकाळी काम सुटलं की हातापायांवरचं सिमेंट धुऊन त्या मुलं घ्यायला येतात. साइट संपली की कुटुंबं दुसरीकडे हलतात आणि आमची मुलंही त्यांच्याबरोबर जातात.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने याची तरतूद केली. जिथे ५० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य खोली असली पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. ही तरतूद जिथे पाळली जाते तिथे आमच्यासारखी पाळणाघरं दिसतात. जिथे पाळली जात नाही, तिथे बाळ वाळूच्या ढिगाशेजारी मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं आणि त्या बहिणीची शाळा बुडालेली असते.

मोठ्या गटात काय चालतं ते पाहुण्यांना चटकन कळतं. तिथे गाणी असतात, गोष्टी असतात, चित्रं काढणं असतं. लहान गटाबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. दूध, शी-शू, झोप आणि रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरवणं, यापलीकडे तिथे काही नसेल असाच समज असतो. या गटात काम करताना मला जे दिसत आलं, ते मी इथे सांगणार आहे. मूल बोलायला लागण्याच्या कितीतरी महिने आधी आपल्याभोवतीचं जग लावायला घेतं. काय कशासारखं, काय कशाहून वेगळं, कोणती वस्तू कोणत्या कामाची, हे ते हातांनी, डोळ्यांनी आणि तोंडाने ठरवत असतं. त्याच्या पुढच्या सगळ्या शिकण्याचा पाया हाच असतो.

ही वर्गवारी नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा. प्रत्येक वाटी बाळाला नवी वस्तू वाटली असती. काल स्टीलच्या वाटीतून पेज प्यायली, हा अनुभव आज पितळी वाटी समोर आल्यावर उपयोगी पडला नसता. दोन वाट्या एकाच जातीच्या आहेत हे ओळखलं, की एकीबद्दल कळलेलं दुसरीला लागू करता येतं. कमी अनुभवातून जास्त समजून घेण्याचा माणसाला सापडलेला हा सर्वांत मोठा मार्ग आहे आणि तो दुधाचे दात यायच्या आधीच सुरू होतो.

आमच्या लहान गटात दुकानातली खेळणी फार नाहीत, पण एक मोठी वेताची टोपली आहे. एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी, बसता येणाऱ्या पण अजून रांगता न येणाऱ्या बाळांसाठी अशी टोपली ठेवण्याची पद्धत रूढ केली. टोपलीत प्लास्टिक नको, रोजच्या वापरातल्या आणि वेगवेगळ्या पदार्थांच्या वस्तू हव्यात, असं त्यांचं सांगणं होतं. आपल्याकडे तर हे सगळं घरातच असतं. आमच्या टोपलीत लाकडी पळी आहे, लहान लाटणं आहे, रवी आहे, स्टीलच्या आणि पितळेच्या वाट्या आहेत. घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, कापडाची चुंबळ, काथ्याच्या दोरीची जाड वेटोळी, धातूची कडी, मोठा शिंपला आणि नदीतला मुठीएवढा गोटा आहे. हंगामात एखादं पिवळं लिंबूही असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यातही पानं, बिया, शंख-शिंपले अशी परिसरातली साधनंच होती. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही.

मुलांची खरी नावं इथे देणं बरं नव्हे. दहा महिन्यांच्या एका मुलीला छकुली म्हणू. तिची टोपलीजवळची एक सकाळ सांगते.

छकुलीने आधी स्टीलची वाटी उचलली आणि तोंडात घातली. वाटीची कड जिभेला लागली तशी ती थबकली. वाटी बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं, दुसऱ्या हातात घेतली, उलटी केली, पुन्हा तोंडाला लावली. मग ती फरशीवर आपटली. मोठा आवाज झाला तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. तिने पुन्हा आपटली. नंतर चुंबळ घेतली, तीही तोंडात घालून पाहिली आणि मग आपटली. आवाज झाला नाही. तिने पुन्हा आपटली, तरी नाही. चुंबळ तिथेच टाकून तिने पितळेची वाटी घेतली. ती मात्र तोंडात घातलीच नाही, सरळ फरशीवर आपटली. आवाज आला तशी ती पाय हलवत हसली. त्यानंतर बराच वेळ तिचं हेच चाललं होतं. धातूचं जे हाती लागेल ते ती आपटायची आणि कापडाचं किंवा दोरीचं लागलं तर बोटांनी चिवडायची, गालाला लावायची.

पितळेची वाटी तिने सरळ आपटली, हा त्या सकाळचा खरा क्षण होता. रंग वेगळा, वजन वेगळं, तरी ही वस्तू आधीच्या वाटीच्या जातीची आहे आणि हिचाही आवाज येणार, असा तिचा अंदाज होता. तो खरा ठरला म्हणून ती हसली. दहा महिन्यांच्या मुलीने एक गट केला होता, त्यावरून अनुमान काढलं होतं आणि ते तपासूनही पाहिलं होतं.

बालविकासाचा अभ्यासक्रम करताना या विषयावरचं संशोधन वाचायला मिळालं आणि मी रोज पाहत होते त्याला आधार मिळत गेला. पहिला प्रश्न असा की, ज्या बाळाला बोलता येत नाही आणि वस्तू धरताही येत नाही, त्याच्या मनातली वर्गवारी कळणार कशी? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत बाळाची नजर मोजायला सुरुवात केली. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली की बाळ तिच्याकडे कमी वेळ बघतं आणि नवी गोष्ट आली की जास्त वेळ बघतं. म्हणजे बाळाला काय नवं वाटतं, हे त्याच्या नजरेवरून कळतं.

याच पद्धतीने पॉल क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तीन-चार महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या मांजरांची चित्रं दाखवली. मग एक न पाहिलेलं मांजर आणि एक कुत्रा शेजारी शेजारी दाखवले. बाळं कुत्र्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. दोन्ही चित्रं त्यांना नवीनच होती, तरी नवं मांजर त्यांना ‘तसलंच आणखी एक’ वाटलं होतं. याच्या उलट, आधी कुत्र्यांची चित्रं दाखवली तेव्हा मांजर त्यांना तितकं वेगळं वाटलं नाही. कारण साधं आहे. कुत्र्यांत फार विविधता असते. कोणी झुपकेदार, कोणी सडपातळ, कोणी लांब तोंडाचा, कोणी चपट्या तोंडाचा. एवढे प्रकार ज्या गटात बसतात त्यात मांजरही खपून जातं. चित्रं निवडून या विविधतेचा तोल बदलला की निकालही बदलतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. बाळ जसं पाहतं तसा त्याचा गट तयार होतो, हे यातून स्पष्ट होतं. म्हणून बाळासमोर काय येतं, किती प्रकारचं येतं, याची जबाबदारी आपल्या मोठ्यांवर आहे.

आमच्या मुलांसमोर येणारं जग शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलांपेक्षा वेगळं आहे. दारातून जेसीबी दिसतो, डंपर दिसतो, काँक्रीटचा मिक्सर फिरताना दिसतो. कुत्री सगळीकडे असतात. पत्र्याच्या खोल्यांमागे कोणाची तरी शेळी बांधलेली असते. आमच्याकडे कापडाची आणि लाकडाची लहान जनावरं आहेत, लाकडी गाड्या आहेत. साधारण वर्षाचं मूल यांच्यात बसवलं आणि आपण मधे काही बोललो नाही, तर एक गोष्ट दिसते. ते एक गाडी हातात घेतं, ठेवतं, मग दुसरी गाडी घेतं, मग तिसरी. मधे पडलेल्या शेळीकडे ते वळत नाही. नंतर कधीतरी ते जनावरांकडे वळतं आणि एकामागून एक तीच हाताळतं. ते ढीग करत नाही, रांग लावत नाही. पण हात ज्या क्रमाने जातो त्या क्रमात वर्गवारी असते. संशोधक हाच क्रम टिपून ठेवतात. आम्हीही आमच्या वहीत टिपतो.

जीन मँडलर आणि लॅरेन मॅकडोना या दोघींनी १९९३ मध्ये दाखवलं की नऊ ते अकरा महिन्यांची बाळं जनावरं आणि वाहनं वेगळी ओळखतात. पंख पसरलेले खेळण्यातले पक्षी आणि खेळण्यातली विमानं दिसायला बरीच सारखी होती, तरी बाळांनी त्यांत फरक केला. कुत्रा आणि ससा यांत मात्र या वयाच्या बाळांनी तसा फरक केला नाही. मोठा फरक आधी आणि बारकावे नंतर, असा हा क्रम आहे. १९९६ मधला त्यांचा दुसरा प्रयोग मला फार जवळचा वाटतो. चौदा महिन्यांच्या मुलांना त्यांनी खेळण्यातल्या कुत्र्याला छोट्या कपातून पाणी पाजून दाखवलं. मग मुलांच्या हाती कप दिला आणि समोर दुसरं एक जनावर व एक वाहन ठेवलं. मुलांनी जनावराला पाणी पाजलं. किल्ली लावून दाखवली तेव्हा त्यांनी ती वाहनाला लावली. पिणं हे जिवंत प्राण्यांचं काम, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा आमच्याकडचा एक दीड वर्षाचा मुलगा आठवला. तो जेवताना आपल्या वाटीतला वरण-भात बाहुलीच्या तोंडाला लावायचा, मग कापडी कुत्र्याच्या, मग शेळीच्या. लाकडी ट्रकपाशी आला की चमचा खाली ठेवायचा आणि ट्रक ढकलायला लागायचा. त्याची आई म्हणायची, ‘ताई, हा लई सांडतोय, द्या एक धपाटा.’ मी तिला म्हटलं, ‘अगं, तो सांडत नाही, वाढतोय. कोणाला भूक लागते आणि कोणाला नाही, हे त्याला कळलंय बघ.’ ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने खाली बसून कुत्र्याच्या तोंडाला स्वतःच एक घास लावला.

शब्द येऊ लागले की वर्गवारी आपल्याला ऐकूही येते. आमच्या साइटवर सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेट असतात. तेरा-चौदा महिन्यांची एक मुलगी दाराशी उभी राहून हेल्मेटवाला कोणीही दिसला की ‘बाबा!’ अशी हाक मारायची. मिस्त्री असो, बिगारी असो, मुकादम असो, सगळे बाबा. एकदा साफसफाईत एक रिकामं हेल्मेट शेडमध्ये राहिलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, आत वाकून पाहिलं आणि ‘बाबा’ म्हणाली. तिचा बाबा संध्याकाळी यायचा तेव्हा मात्र ती हाक मारायला थांबत नव्हती, धावत सुटायची. म्हणजे आपला बाबा कोणता याबद्दल तिच्या मनात काहीच गोंधळ नव्हता. तिच्याजवळ शब्द थोडे होते आणि त्यांतला जवळचा शब्द ती अनेक जागी वापरत होती. प्रत्येक चौकटीतल्या चित्राला ‘बाप्पा’ म्हणणारी, बैल, म्हैस, शेळी सगळ्यांना ‘हम्मा’ म्हणणारी मुलं आपण घरोघर पाहतो. त्यांना ‘चूक’ म्हणण्याची गरज नसते. ‘हो, बाबासारखं हेल्मेट आहे. हे काका आहेत,’ एवढं रोज ऐकलं की गट आपोआप आवळत जातो. त्या मुलीचंही महिन्याभरात तसंच झालं. हेल्मेट दिसलं की ती ‘टोपी’ म्हणायला लागली.

दीड वर्षाच्या आसपास आणखी एक बदल होतो आणि तो पाहायला मिळावा म्हणून मी या वयाच्या मुलांजवळ मुद्दाम बसते. चार वाट्या आणि चार डब्यांची झाकणं एकत्र ठेवली की मूल आता नुसता हात लावून थांबत नाही. ते सगळ्या वाट्या एका बाजूला नेतं आणि सगळी झाकणं दुसऱ्या बाजूला. एकही वाटी राहू देत नाही. एखादं झाकण चुकून वाट्यांत गेलं तर परत येऊन ते उचलतं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरची एकाग्रता पाहण्यासारखी असते. शेजारी कोणी रडत असलं तरी त्याचं लक्ष हलत नाही. ॲलिसन गॉपनिक आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८७ मध्ये नोंदवलं की चार-चार वस्तूंचे असे दोन पूर्ण गट करणं आणि वस्तूंची नावं भराभर घ्यायला लागणं, या दोन गोष्टी मुलांच्या वाढीत जवळजवळ एकाच वेळी येतात. आमचा अनुभवही तसाच आहे. ज्या आठवड्यात वाट्या-झाकणं वेगळी होतात, त्याच्या आगेमागे मूल प्रत्येक गोष्टीकडे बोट करून ‘हे? हे?’ असं विचारायला लागतं.

तेव्हा शब्द आणि वर्गवारी एकमेकांना पुढे नेतात. याचा उगम फार आधी आहे. सँड्रा वॅक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तीन-चार महिन्यांच्या बाळांना एकाच जातीच्या प्राण्यांची चित्रं दाखवली. काहींना चित्राबरोबर माणसाच्या आवाजात नाव ऐकवलं आणि काहींना नुसता यंत्राचा सूर. ज्यांनी नाव ऐकलं त्यांनी गट ओळखला, ज्यांनी सूर ऐकला त्यांनी ओळखला नाही. तीन महिन्यांच्या बाळाला शब्दाचा अर्थ कळत नाही. तरी माणूस काहीतरी म्हणतो आहे म्हणजे या गोष्टींत काहीतरी समान आहे, एवढं ते धरून चालतं. झोळीतल्या बाळाशी बोलत बसणाऱ्या आजीला ‘त्याला काय कळतंय?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्याकडे भाषा अनेक आहेत. मराठवाड्यातली मराठी आहे, बंजारा बोली आहे, कन्नड आहे, छत्तीसगढी आहे. एक आई मांजराला बिलई म्हणते, दुसरी बेक्कु म्हणते, आम्ही माऊ म्हणतो. यामुळे मुलं गोंधळतील अशी भीती नव्या ताईंना वाटते. मुलं गोंधळत नाहीत. मांजर काय असतं ते त्यांना आधीच कळलेलं असतं, नावं दोन असली तरी गट एकच राहतो. म्हणून आम्ही प्रत्येक आईकडून दहा-वीस रोजचे शब्द विचारून घेतो आणि भिंतीवर लावून ठेवतो. मुलाला त्याच्या घरच्या नावानेही वस्तू ओळखीची वाटली पाहिजे.

बाळ आवाजांचीही वर्गवारी करतं आणि यातला एक गाजलेला प्रयोग आपल्या भाषांशी थेट जोडलेला आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतल्या त आणि ट या आवाजांचा प्रयोग केला. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता त्यांच्यातल्या फारच थोड्यांकडे उरली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांकडे ती शाबूत होती. कानावर जे पडतं तेच गट टिकतात. आणि ते माणसाच्या तोंडून, समोरासमोर पडावं लागतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जणांनी समोर बसून चिनी भाषेत खेळत-बोलत वेळ घालवला. ती बाळं चिनी आवाजांतला फरक शिकली. तेच साहित्य व्हिडिओवर पाहिलेली बाळं मात्र शिकली नाहीत.

हे मी आयांच्या बैठकीत नेहमी सांगते, कारण मोबाईल आता पत्र्याच्या खोलीतही पोहोचला आहे. दिवसभर घमेली उचलून आलेल्या बाईने स्वयंपाक होईपर्यंत मुलाच्या हाती फोन दिला, तर तिला दोष देणं मला पटत नाही. पण पर्याय सांगणं हे माझं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये. त्या जागी काय द्यायचं? दोन भांडी, एक पळी, चार कांदे, चार बटाटे. मूल चुलीपासून लांब बसवावं आणि काम करता करता त्याच्याशी बोलावं. ‘कांदा दे. आता बटाटा दे.’ एवढ्यात वस्तू हाताळणं, नाव ऐकणं आणि निवडणं, तिन्ही होतं.

एका आईने मला काळजीने विचारलं होतं, ‘ताई, माझा बोलंना. नुसती भांडी उपसतोय आन् मांडतोय. ह्याचं डोकं बरं हाय ना?’ तिचा मुलगा सोळा महिन्यांचा होता. तो बोट दाखवायचा, हाक मारली की वळायचा, आणून दे म्हटलं की आणून द्यायचा. मी तिला त्याची मांडामांड दाखवली. मोठ्या वाट्या खाली, लहान वर. त्याचं डोकं किती छान चाललं होतं, ते तिच्या समोरच होतं. पुढे तो बोलायलाही लागला. पण प्रत्येक काळजी अशी समजावून मिटवायची नसते. मूल आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल, दीड वर्षापर्यंत बोट करून काही दाखवत नसेल, हाती आलेल्या वस्तूंत रस घेत नसेल, तर वाट पाहू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीताईला विचारलं तरी वाट कळते.

गरीब घरांतल्या मुलांना आधी पोटभर खायला द्या, खेळ-बिळ नंतर, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. पोट भरलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण या दोन गोष्टींची फारकत करता येत नाही. जमैकात किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला. वाढ खुंटलेली नऊ महिने ते दोन वर्षं वयाची १२९ मुलं त्यात होती. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी त्या घेऊन जायच्या आणि आईने मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे दाखवायच्या. ही मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई, ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या नव्हत्या त्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. महागडं काही नव्हतं. बाटल्या, डबे, ठोकळे, एक शिकवलेली बाई आणि आईचा थोडा वेळ, एवढंच होतं.

आपल्या देशाने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडाही आला. कागदावर आता लहान गटाचं महत्त्व मान्य झालं आहे. पाळणाघरं मात्र गरजेच्या मानाने फार कमी आहेत आणि त्यांत काम करणाऱ्या बायकांकडे अजूनही मुलं ‘सांभाळणाऱ्या’ म्हणूनच पाहिलं जातं. लहान गटातली ताई मुलाच्या विचाराची साक्षीदार असते. त्याने काय आपटलं, काय वेगळं काढलं, कशाला काय म्हटलं, हे तिला दिसतं आणि ते दिसायला प्रशिक्षण लागतं. त्याचा योग्य मोबदला तिला मिळायला हवा.

हे वाचणाऱ्यांच्या घरी किंवा शेजारी एखादं रांगतं मूल असेलच. त्याच्यासाठी एक टोपली करा. पाच-सहा वेगळ्या पदार्थांच्या वस्तू घ्या. लाकूड, धातू, कापड, दोरी, दगड, काहीही चालेल. धार नको, टोक नको, सुटा रंग नको. मुलाच्या तोंडात पूर्ण जाईल इतकं लहान काही नको आणि बटणासारखे सेल तर घरात त्याच्या हाताला लागतील असे ठेवूच नका. टोपली समोर ठेवा, जवळ बसा आणि गप्प राहा. काय कशाबरोबर जातं हे त्याला ठरवू द्या. त्याने तुमच्याकडे पाहिलं की त्या वस्तूचं नाव घ्या, तुमच्या घरात जे असेल ते. त्याची मांडामांड चालू असताना आवरायला घेऊ नका. आणि तुमच्या भागात बांधकाम चालू असेल, तिथे कामावरच्या बायांची मुलं उन्हात बसलेली दिसत असतील, तर ठेकेदाराला आणि कामगार कार्यालयाला एकदा विचारा की इथलं पाळणाघर कुठे आहे. ते मागण्याचा हक्क त्या मुलांना कायद्याने दिलेला आहे, पण त्यांना अजून बोलता येत नाही. त्यांच्या वतीने आपण बोलायला हवं.